कुपोषण-निवारणाच्या उपक्रमांचे मूल्यमापन : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

१

एखाद्या औषधाचा गुण येतो की नाही, हे ठरविण्याची रीत वैद्यकशास्त्राने बऱ्याच अंशी निश्चित केलेली आहे. रोग्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडावयाचे, एका गटास औषध द्यावयाचे, दुसऱ्यास द्यावयाचे नाही, आणि काही काळाने दोहोंची तुलना करावयाची. ही रीत फलदायी ठरते, कारण औषधाची गोळी सर्वत्र एकच असते. ती मुंबईत दिली काय किंवा परतूर तालुक्यातील एखाद्या खेड्यात दिली काय, तिच्यातील द्रव्य पालटत नाही. अंगणवाडीच्या द्वारे चालणाऱ्या कुपोषण-निवारणाच्या कार्याची गोष्ट निराळी आहे. त्यात मुलांचे वजन घेणे आहे, घरपोच आहार आहे, आरोग्य केंद्रातील तपासणी आहे, गरोदर स्त्रीची नोंदणी आहे, घरातील वडीलधाऱ्यांची समजूत घालणे आहे, आणि जिल्ह्याच्या बैठकीत वरिष्ठांनी विचारलेला जाबही आहे. यांपैकी प्रत्येक अंगाचा परिणाम इतर अंगांवर अवलंबून असतो. शिवाय हे सर्व अमलात आणणाऱ्या सेविका, पर्यवेक्षिका व परिचारिका गावोगाव भिन्न असतात. अशा कार्यास प्रस्तुत लेखात ‘संमिश्र उपक्रम’ असे म्हटले आहे.

संमिश्र उपक्रमांचे मूल्यमापन कसे करावे याविषयी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने २००० साली एक मार्गदर्शिका काढली. तिच्यावर औषध-परीक्षेच्या टप्प्यांची छाया स्पष्ट होती. २००८ मध्ये ती सुधारण्यात आली, आणि २०२१ मधील नव्या आवृत्तीत विचाराची दिशाच पुष्कळशी बदलली. ‘उपक्रम यशस्वी झाला काय?’ या एका प्रश्नाच्या जागी चार प्रश्न आले : अनुकूल परिस्थितीत उपक्रमाचा गुण येतो काय, नित्याच्या व्यवहारात येतो काय, कोणत्या परिस्थितीत, कोणासाठी व कोणत्या मार्गाने येतो, आणि उपक्रम व त्याच्या भोवतालची व्यवस्था ही परस्परांस कशी बदलवितात. हे चार प्रश्न मराठवाड्यातील, विशेषतः जालना जिल्ह्यासारख्या कोरडवाहू प्रदेशातील अनुभवास लावून पाहिले, म्हणजे आपल्याकडील मूल्यमापनाचे एक मूलभूत वैगुण्य दृष्टीस पडते. ते हे की, ज्या नोंदवहीने उपचार चालावयाचा, तीच नोंदवही उपचाराच्या यशाची साक्ष म्हणून पुढे केली जाते.

२

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा हे त्याचे आठ तालुके. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार भरली. जालना शहर बियाण्यांच्या व लोखंडी सळयांच्या उद्योगासाठी प्रसिद्ध असले, तरी ग्रामीण जीवन पावसावर, कापूस, सोयाबीन व मोसंबी यांवर, आणि ज्यांना ही पिकेही पुरत नाहीत त्यांच्या बाबतीत ऊसतोडीवर अवलंबून आहे.

२००१ साली तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर, जिल्ह्यातील एका खेड्यात बालकांचे मृत्यू झाले आणि मराठवाड्यातील कुपोषणाकडे शासनाचे लक्ष वेधले गेले. कुपोषण हे मेळघाटचे किंवा धडगावचे, म्हणजे आदिवासी भागाचेच दुखणे होय, अशी तोवर सर्वसाधारण समजूत होती. त्यानंतर विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकाराने विभागाच्या आठही जिल्ह्यांत जी मोहीम सुरू झाली, ती ‘मराठवाडा इनिशिएटिव्ह’ या नावाने ओळखली जाते. महसूल, आरोग्य आणि महिला व बालविकास या एरवी परस्परांकडे पाठ फिरवून चालणाऱ्या खात्यांना एकत्र आणणे, सहा वर्षांखालील प्रत्येक बालकाचे वजन घेणे आणि गंभीर श्रेणीतील बालकांची वैद्यकीय तपासणी करणे, हा तिचा गाभा होता. याच अनुभवाच्या आधारावर मार्च २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले आणि रमणी हे त्याचे पहिले महासंचालक झाले. मिशनचा आरंभ आदिवासी जिल्ह्यांतून झाला व पुढे त्याची व्याप्ती राज्यभर झाली. २०११ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात गर्भधारणेपासूनच्या पहिल्या हजार दिवसांवर त्याने आपले लक्ष केंद्रित केले.

येथे जे घडले त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. खात्यांच्या सहकार्याची कल्पना एका महसूल विभागात अजमावून मग राज्याच्या धोरणात नेणे, ही आपल्या प्रशासनात विरळ घडणारी गोष्ट होय. प्रश्न इतकाच की, या प्रयत्नांमुळे मुलांची स्थिती सुधारली असे आपण कशाच्या बळावर म्हणतो?

३

या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर २०१२ च्या सर्वंकष पोषण सर्वेक्षणाने दिले. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने युनिसेफच्या साहाय्याने केलेल्या या पाहणीत दोन वर्षांखालील खुरटलेल्या, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या, बालकांचे प्रमाण सुमारे २३ टक्के आढळले. २००५-०६ मध्ये ते सुमारे ३९ टक्के होते. सहा-सात वर्षांत एवढी घट झाल्याचे उदाहरण जगातही थोडेच सापडते. साहजिकच महाराष्ट्राचे नाव परदेशातील अभ्यासकांच्या तोंडी आले.

परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे पाच वर्षांखालील बालकांविषयीचे आकडे शेजारी ठेवले म्हणजे चित्र पालटते. महाराष्ट्रात खुरटलेल्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते. २०१५-१६ मध्ये ते ३४.४ टक्क्यांवर आले आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्क्यांवर थबकले. उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या, म्हणजे कृश, बालकांचे प्रमाण मात्र १६.५ टक्क्यांवरून २५.६ टक्क्यांवर चढले व तेथेच राहिले. आणि वयाच्या मानाने वजन कमी असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ३७.०, ३६.० व ३६.१ टक्के, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी आहे.

एकाच राज्यातील, एकाच सर्वेक्षणमालेतील हे तीन मापदंड तीन निरनिराळे निवाडे देतात. उंची पाहणारा म्हणेल, मोठे यश आले. कृशता पाहणारा म्हणेल, स्थिती बिघडली. केवळ वजन पाहणारा म्हणेल, काहीच घडले नाही. वस्तुतः यात विसंगती नाही. वयानुसार वजन या मापात खुरटेपणा व कृशता ही दोन्ही मिसळलेली असतात. एक उणे झाले व दुसरे वाढले, तर बेरीज स्थिर दिसते. उंची दीर्घकाळच्या पोषणाची, मातेच्या प्रकृतीची व वारंवारच्या आजारांची कहाणी सांगते; कृशता ही पुष्कळदा अलीकडच्या महिन्यांतील उपासमारीची किंवा जुलाब-तापाची खूण असते, आणि म्हणूनच पाहणी कोणत्या ऋतूत झाली यावर तिचे प्रमाण हेलकावे खाते. मराठवाड्यातील मूळ मोहीम मात्र वजनावरच आधारलेली होती. जे माप सर्वांत संदिग्ध, तेच कार्याचे साधन झाले आणि तेच कार्याचे प्रमाणही झाले.

यात आणखी एक गुंता आहे. मोहिमेच्या आरंभी अंगणवाड्यांतून भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे वर्गीकरण चालू होते. त्यानुसार अपेक्षित वजनाच्या ६० टक्के वा त्याहून कमी वजन असलेले बालक तिसऱ्या वा चौथ्या श्रेणीत जात असे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढमानक स्वीकारण्यात आले. नव्या मानकानुसार ‘तीव्र’ ठरण्याची मर्यादा जुन्यापेक्षा सैल असल्याने तीव्र श्रेणीतील बालकांची संख्या कागदावर वाढली. मुले मात्र तीच होती. त्यामुळे बदलापूर्वीच्या व नंतरच्या नोंदी एका रेषेत मांडून काढलेला कोणताही निष्कर्ष, मग तो अनुकूल असो वा प्रतिकूल, टिकणारा नाही.

४

नोंदवहीच्या दुहेरी भूमिकेचा विचार येथे विस्ताराने करणे अवश्य आहे. अंगणवाडी सेविका महिन्यास मुलाचे वजन घेते, ते वाढीच्या तक्त्यावर टिपते, रेषा खाली झुकलेली दिसली तर आईस सांगते व गरज पडल्यास ग्राम बाल विकास केंद्रात किंवा रुग्णालयात पाठविते. येथे वजन घेणे हा उपचाराचाच पहिला भाग होय. त्याच वजनाची बेरीज मात्र पर्यवेक्षिकेकडून प्रकल्पाकडे, प्रकल्पाकडून जिल्हा परिषदेकडे आणि तेथून राज्याकडे जाते व तिच्यावरून जिल्ह्याची प्रतवारी ठरते. पहिल्या उपयोगासाठी सेविकेने प्रत्येक अशक्त मूल हुडकून काढले पाहिजे. दुसऱ्या उपयोगात मात्र जितकी अशक्त मुले कमी, तितके तिचे काम चांगले. एकाच लेखणीवर दोन विरुद्ध दिशांनी ओढ बसते.

यातून एक विरोधाभास निर्माण होतो. मोहीम खरोखर प्रामाणिकपणे सुरू झाली, तर पहिल्या काही महिन्यांत नोंदलेले कुपोषण वाढावयास हवे, कारण जी मुले वहीत नव्हती ती वहीत येतात. हा वाढलेला आकडा अपयशाचा नसून यशाचा पुरावा होय. उलट, पहिल्याच तिमाहीत आकडा घसरला, तर कौतुकापूर्वी शंकेस जागा आहे. पण आढावा-बैठकीत आकड्यांचा असा उलटा अर्थ लावण्याची सवय आपल्या यंत्रणेस नाही. मार्च २०२१ पासून वहीची जागा भ्रमणध्वनीवरील ‘पोषण ट्रॅकर’ने घेतली, नोंद जलद पोहोचू लागली, परंतु नोंद करणारा हात व त्या हातावरील ओझे ही तीच राहिली आहेत.

ही केवळ तर्काने काढलेली भीती नव्हे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने महाराष्ट्रात निरनिराळ्या ठिकाणी स्वयंसेवी संस्थांनी स्वतंत्रपणे केलेली जन्ममृत्यूंची नोंद शासकीय नोंदीशी ताडून पाहिली, आणि बालमृत्यूंचा मोठा भाग शासनाच्या कागदांत उमटतच नाही असे दाखविले. त्यानंतर शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. मृत्यूसारखी घटना, जी गावात कोणापासून लपत नाही, ती जर कागदावरून निसटते, तर चार-सहाशे ग्रॅमच्या फरकाने श्रेणी बदलणारे वजन किती विश्वसनीय मानावयाचे?

५

नोंद व सेवा यांची फारकत करून मूल्यमापन कसे होऊ शकते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेने नवजात बालकांच्या घरोघरी काळजीचा प्रयोग ३९ गावांत केला व ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. जन्ममृत्यूची नोंद दोन्ही क्षेत्रांत सारख्याच रीतीने ठेवण्यात आली. १९९३-९५ मध्ये नवजात मृत्यूचे प्रमाण दर हजार जन्मांमागे प्रयोगक्षेत्रात ६२ व तुलनाक्षेत्रात ५८ होते. १९९७-९८ मध्ये ते अनुक्रमे २५.५ व ५९.६ झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढे २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांच्या द्वारे अशी सेवा देशभर सुरू केली. येथे गावांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, हा आक्षेप घेता येतो. तरीही तुलनाक्षेत्र असल्यामुळे ‘काळ बदलला म्हणून मृत्यू घटले’ असे म्हणण्यास वाव उरला नाही.

जामखेडचे उदाहरण याहून वेगळे आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची ख्याती जगभर झाली; पण त्याच्या दीर्घकालीन परिणामाची तौलनिक पाहणी २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आली. तीत असे आढळले की, प्रकल्पातील गावांत एक महिन्यानंतरच्या बालमृत्यूचा धोका शेजारच्या गावांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी आहे, परंतु पहिल्या महिन्यातील मृत्यूंत तसा स्पष्ट फरक नाही. कीर्ती अखंड होती. पुराव्याने ती कोठे खरी व कोठे अपुरी हे दाखविले. अशा विभाजित उत्तराने प्रकल्पाचा अवमान होत नाही. उलट पुढचे काम कोठे करावयाचे हे कळते.

मराठवाड्याच्या मोहिमेत तुलनाक्षेत्र नव्हते. ती विभागाच्या आठही जिल्ह्यांची मोहीम होती, आणि संकटाच्या प्रसंगी तसे होणे स्वाभाविक होते. पण त्यामुळे पुढील सुधारणेचे श्रेय कोणाला, हे सांगण्याचा मार्गही बंद झाला. याच काळात राज्यात दवाखान्यांतील प्रसूती वाढल्या, मुलींचे शिक्षण वाढले, दारिद्र्य काहीसे घटले. महाराष्ट्रातील खुरटेपणाच्या घटीची बहुविध अंगांनी छाननी करणाऱ्या २०१४ च्या अभ्यासानेही एका कारणाकडे बोट दाखविले नाही. पुष्कळ गोष्टींत थोडी थोडी सुधारणा झाली व त्यांची मिळून घट झाली, असाच त्याचा सूर आहे. मिशनचा त्यात वाटा नव्हता असे यावरून ठरत नाही; तो किती होता हे ठरत नाही, इतकेच.

६

२०२१ च्या मार्गदर्शिकेतील तिसरा प्रश्न, म्हणजे ‘कोणत्या परिस्थितीत व कोणत्या मार्गाने’, जालन्यास लावला तर काय दिसते? अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीस जातात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. अंगणवाडीच्या उपक्रमामागील गृहीत कल्पना अशी की, मूल गावात आहे, आई घरी आहे, आणि सेविका दोघांना दर महिन्यास भेटते. कोयत्यावर गेलेल्या जोडप्याचे मूल फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत असते. त्या चार-सहा महिन्यांत त्याचे वजन बहुधा मूळ गावाच्या वहीत येत नाही आणि कारखान्याच्या गावच्या वहीतही येत नाही. परिणामी जी मुले सर्वाधिक संकटात, तीच मोजणीबाहेर राहतात, आणि जिल्ह्याची सरासरी हिवाळ्यात विनाकारण बरी दिसू शकते. हा दोष सेविकेचा नव्हे. जो कार्यकारणाचा आराखडा गृहीत धरला आहे त्याचा आहे.

दुसरी गोष्ट दुष्काळाची. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. मोसंबीच्या बागा वाळून गेल्या आणि पिण्याचे पाणी टँकरने आणावे लागले. अशा वर्षी मुलांची वजने केवळ घसरली नाहीत, तरी तो उपक्रमाचा विजय ठरू शकतो. आणि चांगल्या पावसाच्या वर्षी ती वाढली, तरी त्याचे श्रेय उपक्रमाला देता येईलच असे नाही. पर्जन्यमान, मजुरी व स्थलांतर यांची नोंद शेजारी ठेवल्याविना वजनाचा आकडा मुका राहतो.

तिसरी गोष्ट घरातील अधिकाराची. तमिळनाडूत १९८० च्या दशकात नावाजलेला पोषण-प्रकल्प बांगलादेशात १९९५ पासून त्याच धर्तीवर राबविला गेला. तेथे अपेक्षित गुण आला नाही. नॅन्सी कार्टराइट व जेरेमी हार्डी यांनी २०१२ च्या आपल्या ग्रंथात या उदाहरणाची मीमांसा केली आहे. उपदेश आईला करण्यात आला. परंतु तेथे बाजार पुरुष करीत आणि अन्नाचे वाटप सासूच्या हाती असे. जालन्याच्या खेड्यातही घरपोच आहाराची पाकिटे आईच्या हाती दिली म्हणजे ती तिच्या दोन वर्षांच्या मुलाच्याच पोटात गेली, असे धरून चालणे धाडसाचे होईल. त्यात लहान वयात लग्न होऊन आलेल्या सुनेचा घरात शब्द किती चालतो, हा प्रश्न वेगळा सांगावयास नको.

येथे मार्गदर्शिकेवरही एक टीका करणे प्राप्त आहे. परिस्थिती, हितसंबंधी मंडळी, अनिश्चितता, खर्च यांचा विचार आरंभापासून करावा, असे ती सांगते. ते योग्यच आहे. तथापि, मूल्यमापन करणारा व उपक्रम चालविणारा हे दोन भिन्न पक्ष असतात आणि पहिल्यास दुसऱ्याची भीती नसते, ही परिस्थिती ती बहुतांशी धरूनच चालते. जिल्हा परिषदेच्या आढावा-बैठकीत तसे नसते. जो आकडा मागतो तोच बढती-बदलीविषयी बोलणारा असतो, आणि मानधनावर काम करणारी सेविका त्या उतरंडीच्या तळाशी असते. व्यवस्था व उपक्रम परस्परांस कसे बदलवितात, या चौथ्या प्रश्नाचा आपल्याकडील खरा अर्थ हा आहे. भीती हाही परिस्थितीचाच एक घटक होय, आणि तिची गणना केल्याविना कोणतीही मार्गदर्शिका मराठवाड्यात पुरी पडणार नाही.

७

यावर व्यवहारी प्रशासकाचा आक्षेप असा की, मुले मरत असताना तुलनेसाठी काही गावे वगळणे अमानुष होय. आक्षेप गंभीर आहे, परंतु तो वाटतो तितका निर्णायक नाही. कोणतीही मोहीम प्रत्यक्षात सर्व गावांत एकाच दिवशी पोहोचत नाही. प्रशिक्षण, वजनकाटे व उंचीमापके टप्प्याटप्प्यानेच येतात. हा क्रम सोयीने किंवा वशिल्याने ठरण्याऐवजी चिठ्ठ्या टाकून ठरविला, तर कोणालाही न वगळता तुलना साधते. त्यासाठी तालुका हे एकक फार मोठे आहे, कारण आठच तालुक्यांतून संख्याशास्त्रास पुरेसा आधार मिळत नाही. पर्यवेक्षिकेचे बीट हे एकक घेता येईल. दुसरे असे की, सेविकेची नोंद सेविकेच्या कामासाठी राहू द्यावी. यशापयशाचा निवाडा मात्र वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यात व एकदा ऊसतोडीच्या हंगामात, निराळ्या माणसांनी निवडक घरांत घेतलेल्या वजन-उंचीवरून करावा. हंगामातील मोजणी फडावरील कोप्यांपर्यंत गेली पाहिजे. विद्यापीठांतील समाजशास्त्र, संख्याशास्त्र व समाजकार्य या विभागांना हे काम आवाक्याबाहेरचे नाही.

तिसरा आक्षेप अभ्यासकांकडून येतो : इतक्या गुंत्यात निश्चित उत्तर मिळणारच नसेल, तर मोजणीचा खटाटोप कशाला? पण निश्चित उत्तर न मिळणे आणि कोणतेच उत्तर न मिळणे यांत फार अंतर आहे. जामखेडच्या पाहणीने पूर्ण उत्तर दिले नाही. तरी महिन्याच्या आतील बाळांकडे निराळे लक्ष द्यावयास हवे, एवढे तिच्यावरून सांगता येते. जालन्यात असेच एखादे अर्धे पण खरे उत्तर मिळाले, उदाहरणार्थ खुरटेपणा घटला पण कृशता स्थलांतराच्या हंगामात वाढते असे दिसून आले, तर आहाराचे पाकीट कोठे व केव्हा पोहोचवावयाचे हे त्यावरून ठरविता येईल.

तात्पर्य, सेविकेच्या वहीवर तिच्याच कामाचा निवाडा करण्याची पद्धत जोवर चालू आहे, तोवर त्या वहीतील घट ही मुलांच्या प्रकृतीतील सुधारणा आहे की लेखणीतील सावधगिरी आहे, हे कोणासही सांगता येणार नाही. आणि ही शंका विद्वानांच्या चर्चेपुरती नाही. वहीत न आलेले मूल बाल विकास केंद्रात जात नाही, रुग्णालयात जात नाही, आणि पुढे त्याचे काय झाले हेही कोठे नोंदले जात नाही. वहीला निवाड्याच्या ओझ्यातून मोकळे केले, तर निदान ते मूल तिच्यात येईल.